वाघनखे, चिलखत आणि ग्रँट डफ

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाची वळणे चढू लागले की डाव्या हाताला जावळीचे रान दाटत जाते आणि मध्येच प्रतापगडाचे टोक डोके वर काढते. या गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले ते मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. पण त्या भेटीत वापरलेली म्हणून सांगितली जाणारी वाघनखे स्कॉटलंडमधल्या एका घराण्याकडे गेली, तिथून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोहोचली आणि जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, या प्रवासामागच्या माणसाविषयी आपल्याला फारच थोडी माहिती असते. त्याचे नाव जेम्स ग्रँट डफ. मराठ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास लिहिणारा म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि तो इतिहास चुकीचा लिहिणारा म्हणून त्याला दोषही दिला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जेम्स ग्रँटचा जन्म ८ जुलै १७८९ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बॅन्फ या गावी झाला. वडील लवकर गेले. आईने मुलांना घेऊन अॅबर्डीन गाठले आणि तेथील मॅरिशल कॉलेजात जेम्सचे शिक्षण झाले. कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत त्याने जावे, असा घरचा विचार होता; पण त्या नेमणुकीची वाट पाहण्याइतका धीर पोराला नव्हता. १८०५ मध्ये त्याने लष्करात कॅडेट म्हणून नाव घातले आणि मुंबईची वाट धरली. वय अवघे सोळा. त्या काळी स्कॉटलंडमधल्या मध्यम परिस्थितीच्या घरांतून हिंदुस्थानात येणाऱ्या मुलांची रीघच लागलेली होती. त्यांतली बरीचशी तापाने किंवा गोळीने इथेच संपली. १८०८ मध्ये काठेवाडातील मालिया किल्ल्यावरच्या हल्ल्यात ग्रँटने धाडस दाखविले आणि वरिष्ठांच्या नजरेत तो भरला. याच सुमारास तो फारसी शिकला. त्याचे पुढचे सारे आयुष्य तलवारीपेक्षा या फारसीने ठरविले, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्याच्या रेसिडेन्सीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाताखाली तो आला तेव्हा पेशवाईचा शेवटचा अंक सुरू झाला होता. एल्फिन्स्टन हा ग्रंथवेडा माणूस. हाताखालच्या तरुणांना तो कामाइतकेच वाचनालाही जुंपत असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि संगमावरची रेसिडेन्सी जळाली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही तीत गेला. ग्रँट त्या दिवशी रणांगणावर होता. मराठ्यांचे घोडदळ अंगावर चालून येतानाचे जे वर्णन त्याने पुढे आपल्या इतिहासात केले, त्यात खंबायतच्या आखातातून गर्जत येणाऱ्या भरतीच्या लोंढ्याची उपमा आहे. शत्रूच्या सैन्याविषयी असे लिहिणाऱ्या माणसाच्या मनात नुसता तिरस्कार नसतो.

पुढच्या सहा महिन्यांत सारे आटोपले. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीला बापू गोखले पडले आणि पेशव्याबरोबर फिरविले जाणारे सातारकर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इकडे कोकणात कर्नल प्रॉथरची फौज महाडवरून रायगडाला भिडली. बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. उखळी तोफांच्या गोळ्यांनी वाडे पेटले आणि १० मे १८१८ रोजी गड खाली झाला. जिथे १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तिथली लाकडी बांधणी, कागद, वस्त्रे, हत्यारे यांचे त्या आगीत काय झाले असेल, याची कल्पना आज गडावर उरलेल्या नुसत्या जोत्यांवरून करता येते. शिवकालीन म्हणून खात्रीने दाखविता येईल असे शस्त्र किंवा चिलखत इतके दुर्मीळ का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक भाग त्या आगीत आहे.

दुसरा भाग अधिक साधा आहे. फौजा मोडल्या, शिलेदार घरी बसले आणि हत्याराला काम उरले नाही. चिलखत ही तर फार नाजूक वस्तू. आपल्याकडचे चिलखत बहुतांशी कड्यांचे असे. लोखंडी तारेची हजारो बारीक कडी एकमेकांत गुंफायची आणि प्रत्येक कड्याची तोंडे चपटी करून त्यांत इवलासा खिळा ठोकायचा. असा अंगरखा साधारण आठ ते बारा किलो भरतो, पण कापडासारखा घडी घालून पिशवीत ठेवता येतो आणि अंगात घातल्यावर वरच्या झग्याखाली दिसत नाही. छातीपाठीवर चार पत्रे बांधायचे ते चारआयना. डोक्यावरच्या लोखंडी टोपाला जिरेटोप म्हणतात, त्यातले जिरे म्हणजे फारसीतले जिरह, म्हणजे हीच कड्यांची जाळी. कोकणातल्या दमट हवेत तेल-पाणी दोन-चार पावसाळे चुकले की ही जाळी गंजून एकमेकांत बसते. मग ती भंगारातच जाते. तलवार निदान खंडेनवमीला पूजेसाठी देवघरात राहते; चिलखताची पूजा कोण करणार?

जपानमध्ये असेच घडीचे चिलखत होते. लोखंडी चकत्या कड्यांनी जोडून कापडावर शिवायच्या आणि सगळे दुमडून पेटीत ठेवायचे, अशी ती रीत. तातामी म्हणजे घडीचे, या शब्दावरून त्याला नाव पडले. १८६८ नंतर सामुराईंची सद्दी संपली, १८७६ मध्ये कमरेला तलवार लावून हिंडण्यावर बंदी आली आणि ही चिलखते पेट्यांसकट बाजारात आली. युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांनी ती उचलली. म्हणजे तिकडे चिलखते पेटीसह आणि पुष्कळदा घराण्याच्या खुणेसह विकली गेली. आपल्याकडे पेटीही गेली आणि खूणही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी शस्त्रांना विलायतेत मागणी आली तेव्हा तर खिळा न मारता नुसती तोंडे जुळविलेल्या कड्यांची, शोभेची चिलखते तयार होऊ लागली. जाणकार संग्राहक आजही आधी भिंग काढून कडे पाहतो, आणि मग कोरीव काम.

या साऱ्या पडझडीच्या मधोमध एप्रिल १८१८ मध्ये कॅप्टन जेम्स ग्रँट साताऱ्यास येऊन बसला. वय २८. काम असे की, प्रतापसिंहांना गादीवर बसवून त्यांच्या नावाने कारभार लावायचा आणि राजा तयार झाला की तो त्यांच्या स्वाधीन करायचा. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पसरलेला मुलूख, इनामांचे तंटे, बुडालेली वसुली, बेकार शिपाई असे सगळे त्याच्या पुढ्यात होते. राजा विशीतला, बुद्धिमान आणि कित्येक वर्षे नजरकैदेत काढलेला. ग्रँटने त्यांना हिशेब, निवाडे, पत्रव्यवहार शिकविला. तो तापट होता, शिस्तीचा कडक होता, पण या दोघांत विश्वास जमला, हे त्या काळच्या कागदांवरून दिसते. १८२२ मध्ये कारभार ठरल्याप्रमाणे राजाकडे गेला. कंपनीच्या शब्दाला पुढे किती किंमत उरली, ते १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले गेले तेव्हा दिसले. तोवर ग्रँट तिथे नव्हता.

रेसिडेंटाचे काम दिवसाचे, इतिहासाचे काम रात्रीचे. ग्रँटला डोकेदुखीचा जुनाट विकार होता. ठराविक दिवसांनी येणारी ती कळ तासन् तास टिकत असे. डोक्याला ओली फडकी गुंडाळून तो कागद वाचीत बसे. कागद तरी किती! पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलेले होते. सातारच्या दरबारातील चिटणिसांची बखर, कृष्णाजी अनंत सभासदाची बखर, देवस्थानांच्या सनदा, जुन्या घराण्यांतली पत्रे, विजापूरकडच्या फारसी तवारिखा, मुंबई-सुरतच्या वखारींच्या नोंदी, गोव्याचे पोर्तुगीज कागद, असे जे मिळेल ते त्याने मिळविले, नकलून आणि भाषांतरून घेतले. एल्फिन्स्टनचे पाठबळ होते आणि जॉन ब्रिग्जसारख्या फारसी जाणणाऱ्या मित्राची मदत. त्याच्या आधी मराठ्यांचा इतिहास या नावाला शोभेल असे काही इंग्रजीत नव्हतेच, आणि मराठीतही बखरींपलीकडे काही नव्हते.

महाड-पोलादपूरचा मुलूख त्याच्या पुस्तकात वारंवार येतो. चंद्रराव मोऱ्यांची जावळी, १६५६ मधली प्रतापगडाची उभारणी, रायगडची राजधानी. आणि अगदी अलीकडचे म्हणजे १७९६ मध्ये नाना फडणीस वाईहून घाट उतरून महाडला जाऊन बसले आणि तिथून त्यांनी साऱ्या हिंदुस्थानची सूत्रे हलविली ते कारस्थान, आणि १८०२ मध्ये होळकरांच्या धाकाने बाजीराव पळाला तोही महाडकडेच. सावित्रीकाठचे हे बाजाराचे गाव मराठी राजकारणात असे मधूनच का उगवते, हे नकाशा पाहिल्यावर कळते. वर घाट, खाली बंदर आणि पाठीशी रायगड!

प्रतापगडच्या भेटीचे त्याचे वर्णन मात्र मराठी वाचकाच्या घशाखाली कधीच उतरले नाही. शिवाजीराजांनी डोक्याला कड्यांची लोखंडी टोपी आणि अंगात चिलखत घातले, वरून पागोटे व सुती झगा चढविला, एका बाहीत बिचवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत वाघनखे लपविली, येथवर तो बखरींच्या बरोबर चालतो. पण पुढे पहिला वार राजांचा, असे तो लिहितो. सभासदाची बखर त्याच्यासमोर होती. खानाने मान काखेत दाबून जमदाड चालविली आणि ती अंगातल्या कुडतीवर खरखरत गेली, हा तपशील सभासद देतो. जर वार झालाच नसता तर चिलखताचा तो आवाज बखरीत कशाला येईल? ग्रँटने मुसलमानी साधनांतली बाजू उचलली आणि सभासदाला बाजूला ठेवले. शिवाय गोपीनाथपंत बोकील हे राजांचे वकील. त्यांना त्याने खानाचा वकील करून टाकले आणि लाच देऊन फोडल्याची कथा रचली गेली. खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. ही नुसती नावाची अदलाबदल नाही. सगळ्या प्रसंगाचा रंगच तिने पालटतो.

त्याच्या हाती एक साधन लागले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. कवींद्र परमानंद नेवासकर यांचे संस्कृत काव्य शिवभारत हे राजांच्या हयातीतले. त्यातही पहिला वार खानाचाच आहे. आणि गंमत अशी की, तिथे खानाचा अंत वाघनखांनी होत नाही, तलवारीने होतो. या काव्याची पोथी तंजावरच्या सरस्वती महालात होती. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते संपादून १९२७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केले. म्हणजे ग्रँटच्या पुस्तकानंतर एकशे एक वर्षांनी. परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. प्रतापगडकडे वळणाऱ्या गाड्यांपैकी फारच थोड्या तिथे थांबतात.

पाच वर्षांच्या साताऱ्यातील श्रमांनी ग्रँटची प्रकृती ढासळली. १८२३ मध्ये ब्रिग्जकडे सूत्रे देऊन तो स्वदेशी गेला. आईकडच्या घराण्याची ईडन ही जहागीर त्याला मिळाली आणि १८२५ च्या सुमारास त्याने आपल्या नावाला डफ हे आडनाव जोडले. त्याच साली जेन एन्स्ली हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिचे वडील सर व्हाइटलॉ एन्स्ली हे मद्रासकडे डॉक्टर होते आणि हिंदी औषधींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. इतिहासाची हस्तलिखिते घेऊन ग्रँट डफ प्रकाशकांचे उंबरे झिजवू लागला. मराठे म्हणजे कोण, हे लंडनच्या ग्राहकाला माहीत नव्हते. मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काही नाव दिले तर पुस्तक खपेल, असे त्याला सुचविण्यात आले. त्याने ते मानले नाही. आपण मराठ्यांचा इतिहास लिहिला आहे आणि त्याचे नाव तेच राहील, हा त्याचा हट्ट. १८२६ मध्ये तीन खंड निघाले आणि लेखकाला पदरचे पैसे घालावे लागले. या एका हट्टासाठी तरी मराठी माणसाने त्याच्याबद्दल थोडा मऊ विचार करावा. पुढे कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी त्याचे मराठी भाषांतर केले आणि आपल्याच पूर्वजांचा सलग इतिहास मराठी विद्यार्थी एका साहेबाच्या चष्म्यातून वाचू लागले.

तो चष्मा उतरविण्याचे काम एका तरुण विद्यार्थ्याने केले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली. साधने कशी तोलली, काय वगळले, कारणमीमांसा कुठे थांबली, असे मुद्द्यांवर बोट ठेवणारी ती टीका होती. सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला वणवा लागावा तसा मराठ्यांचा उदय अकस्मात झाला, अशी ग्रँट डफची उपमा होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये आपल्या ग्रंथात तिचाच समाचार घेतला. महाड-पोलादपूरकडे फाल्गुनात डोंगर पेटलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती उपमा सुंदर वाटेल, पण वणवा लागण्यापूर्वी गवत कुणीतरी वाळवलेले असते, हे ती उपमा सांगत नाही. राजवाडे, पारसनीस, खरे यांनी नंतर कागदांचे डोंगर उभे केले त्यामागे ग्रँट डफला उत्तर देण्याची ईर्ष्या होतीच.

कागदांबाबत आणखी एक आक्षेप त्याच्यावर आला. आपण जमविलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे त्याने लिहिले आहे. पुढे शोध घेतला तेव्हा त्या तिथे मिळाल्या नाहीत. त्यावरून ग्रँट डफने मराठ्यांचे कागद जाळले, असा प्रवाद उठला आणि तो वर्षानुवर्षे चालला. जाळायचेच असते तर नकला ठेवल्याचे त्याने छापून का सांगावे? संस्थांच्या कपाटांतून वस्तू नाहीशा व्हायला आगीची गरज नसते.

आणि आता ती वाघनखे. पोलादाची एक पट्टी, तिला चार वाकडी नखे आणि बोटे घालायला दोन कड्या. मूठ मिटली की हत्यार दिसत नाही. पेटीवरच्या मजकुराचा आशय असा की, शिवाजीने ज्यांनी मोगल सेनापतीला मारले ती ही वाघनखे, ईडनच्या जेम्स ग्रँट डफ यांना ते साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने दिली. या दोन ओळींत अडचणी किती आहेत, पाहा. अफझलखान मोगल सेनापती नव्हता, तो विजापूरच्या आदिलशहाचा सरदार. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण येऊन विठूरला रवाना झाला. साताऱ्याच्या रेसिडेंटाला वस्तू देणारा पेशव्यांचा मुख्य प्रधान त्यानंतर कुठून आला? आणि साताऱ्यास असताना या गृहस्थाचे नाव नुसते ग्रँट होते. डफ आणि ईडन ही दोन्ही मागाहून आली. म्हणजे मजकूर स्कॉटलंडला गेल्यावर, बहुधा घरात ऐकलेल्या गोष्टीवरून लिहिला गेला. अफझलखानाचा प्रसंग इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या इतिहासकाराने स्वतः तो मजकूर तपासला असता तर मोगल हा शब्द त्याने राहू दिला नसता, असे वाटते.

वंशजांनी ती संग्रहालयाला दिली. संग्रहालयानेही ही तीच वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही, अशी भूमिका घेतली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनला करार झाला तेव्हा महाराष्ट्रात या प्रश्नावर मोठे वादळ उठले. काही अभ्यासकांनी जुन्या पत्रव्यवहाराचे दाखले देऊन ती मूळ नसल्याचे सांगितले. १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती मांडली गेली आणि लोकांनी रांगा लावल्या. त्या रांगांना अंधश्रद्धा म्हणून हिणविण्याचे कारण नाही. पण पाटीवर काय लिहावे, याबाबत सरकारी यंत्रणेने संग्राहकाइतकी तरी सावधगिरी दाखवावी, ही अपेक्षा रास्त आहे. चिलखताच्या कड्यातला खिळा पाहणारा माणूस विक्रेत्याच्या कहाणीला भुलत नाही. सातशे मैलांवरून आलेली असो की सात हजार.

ग्रँट डफ पुन्हा हिंदुस्थानात आला नाही. ईडनच्या शेतीत त्याने सुधारणा केल्या, झाडे लावली, मुले वाढविली. थोरल्याचे नाव त्याने आपल्या जुन्या साहेबावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले होते. तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीला वारले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि ज्या गादीची घडी ग्रँटने चार वर्षे खपून बसविली होती ती कंपनीने एका हुकुमाने मोडली. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८५८ रोजी ग्रँट डफ वारला. त्याच वर्षी कंपनीचाही कारभार संपला होता.